मुलांच्या दातांना ब्रेसेस: वाढत्या वयातली ऑर्थोडॉन्टिक ट्रीटमेंट

वाकडे, पुढे आलेले, एकावर एक चढलेले किंवा फटी पडलेले दात ओळीत आणायचे आणि वरचा-खालचा जबडा एकमेकांवर नीट बसवायचा, ही ऑर्थोडॉन्टिक ट्रीटमेंट. घरात कुणी याला तारा लावणं म्हणतं, कुणी क्लिपा लावणं, मुलं सरळ ब्रेसेस म्हणतात. मोठ्यांनाही ती करता येते, चाळिशीत तारा लावलेली माणसं आता ऑफिसात सर्रास दिसतात, पण मुलांचा जबडा अजून वाढत असतो. मोठ्या माणसाचे दात फक्त सरकवता येतात, मुलाच्या हाडाच्या वाढीलाही थोडंफार वळण लावता येतं, आणि ही सवलत काही वर्षांपुरतीच असते. त्यामुळे कुठल्या तारा लावायच्या यापेक्षा कधी लावायच्या हा प्रश्न मोठा, आणि नेमकं तिथेच आपल्याकडे दोन्ही टोकं दिसतात, एक तर "सगळे दुधाचे दात पडू देत मग बघू" नाहीतर आठव्या वर्षीच तोंडभर तारा लावून घ्यायची घाई.

दात येण्याचं वेळापत्रक

दुधाचे दात 20, कायमचे 32. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, ती गुपचूप येऊन बसते, म्हणून भरपूर आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडणारच आहे की" म्हणून सोडून देतात. ती पडणार नसते, आणि पुढचा सगळा चावा तिच्याच आधाराने बसतो. सहा ते नऊमध्ये पुढचे पटाशीचे दात बदलतात, दहा ते बारात उपदाढा (सुळ्यामागच्या लहान दाढा) आणि सुळे येतात, बाराच्या आसपास दुसरी दाढ. अक्कलदाढ सतराच्या पुढे, कुणाकुणाला तर येतच नाही.

यातली सात ते अकरा ही वर्षं दिसायला वाईटच. वरच्या दोन पटाशींत फट, बाजूचे दात बाहेर फाकलेले, दात तोंडाच्या मानाने राक्षसी मोठे. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट ब्रॉडबेंट यांनी 1937 मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं. होतं असं की वरचे सुळे हाडातून खाली उतरताना बाजूच्या दातांच्या मुळांना ढकलतात, म्हणून दात फाकतात, आणि सुळे जागेवर आले की फट बऱ्याचदा आपोआप मिटते. निव्वळ ही फट बघून नवव्या वर्षी तारा लावायची गरज सहसा नसते, फोटोत कसं दिसतं ते सोडून द्यावं.

दुधाची किडलेली दाढ वेळेआधी काढावी लागली तर मात्र गप्प बसू नये. मागची कायमची दाढ त्या रिकाम्या जागेत पुढे सरकते, मग खालून येणाऱ्या उपदाढेला जागाच उरत नाही आणि ती आडवी तरी येते नाहीतर अडकून बसते. यासाठी स्पेस मेंटेनर लावतात, म्हणजे मागच्या दाढेवर एक कडं आणि त्यातून पुढे आलेला तारेचा फासा, एवढंच, पण पुढची दोन वर्षांची ट्रीटमेंट कधीकधी यावर वाचते.

काय थांबू शकतं, काय नाही

अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते की सातव्या वर्षापर्यंत मुलाला एकदा दाखवून घ्यावं. दाखवणं म्हणजे लावणं नाही, बहुतेक मुलांना "वर्षाने या" एवढंच सांगितलं जातं, आणि असं सांगणारा डॉक्टर चांगलाच समजायचा. खरी तारांची ट्रीटमेंट बहुतेकांची अकरा ते तेराच्या दरम्यान सुरू होते.

न थांबण्यासारख्या गोष्टी थोड्याच. चावताना खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, म्हणजे उलटा चावा, तर लवकर बघावं. वरचा जबडा मागे राहिला असेल तर कपाळ आणि हनुवटीवर टेकणारा फेसमास्क रात्री लावून तो रबर बँडने पुढे ओढतात, आणि हे दहाच्या आत जास्त चांगलं साधतं. वरचा जबडा अरुंद असेल, दाढा एका बाजूला आतून बसत असतील आणि मूल तोंड मिटताना जबडा बाजूला सरकवत असेल, तर टाळूत एक्सपांडर बसवतात. त्याच्या मधोमध बारीक स्क्रू असतो, तो आईने किंवा बाबांनी घरी किल्लीने फिरवायचा, दर वेळी साधारण पाव मिलीमीटर. टाळूची दोन हाडं मधल्या सांध्यावर हळूहळू दूर होतात आणि थोड्या दिवसांत पुढच्या दोन दातांत चांगली फट पडते, ती बघून आई घाबरते पण ती पडली म्हणजे सांधा उघडला, ती नंतर मिटते. मधे नवीन हाड भरेपर्यंत एक्सपांडर काही महिने तसाच ठेवायचा. तारुण्यात हा सांधा घट्ट होत जातो, मग तेच काम खूप अवघड होऊन बसतं, कधी ऑपरेशनपर्यंत जातं.

अंगठा चोखणं तीन-चार वर्षांपर्यंत चालतं, कायमचे पुढचे दात यायला लागल्यावरही सुटलं नाही तर दात पुढे येतात, वरचे-खालचे मिळतच नाहीत आणि पुढच्या दातांनी पोळीचा तुकडाही तोडता येत नाही. ओरडण्याने, कडुनिंब लावण्याने फारसं काही होत नाही, समजावून नाही सुटलं तर टाळूजवळ अंगठ्याला अडथळा होईल अशी एक तार बसवतात.

पुढे आलेल्या दातांचं जरा गुंतागुंतीचं आहे. खालचा जबडा लहान असला की ट्विन ब्लॉकसारखी काढ-घाल करायची प्लेट देतात, जी तोंड मिटल्यावर खालचा जबडा पुढे धरून ठेवते. ही स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी 1970 च्या दशकात काढली. जबडा खरंच किती वाढतो आणि दातच किती कलतात यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. आठव्या-नवव्या वर्षी सुरू केलं आणि किशोरवयात एकदाच केलं, याची तुलना झालेल्या चाचण्यांत शेवटचा निकाल जवळपास सारखाच आला, फरक एवढाच की लवकर केलेल्यांचे पुढचे दात पडून-आपटून तुटण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे धडपड्या मुलाचे दात फारच पुढे असतील तर लवकर, नाहीतर उंची झपाट्याने वाढायला लागते तेव्हा. मुलींचं ते साधारण दहा ते बारा, मुलांचं बारा ते चौदा. डॉक्टर मनगटाचा एक्स-रे किंवा बाजूने काढलेल्या एक्स-रेमधले मानेचे मणके बघून हा अंदाज बांधतात.

एक गोष्ट घरीही बघता येते. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या ओठाच्या आत, दुधाच्या सुळ्याच्या वर बोट फिरवलं की येणाऱ्या सुळ्याचा फुगवटा लागतो. एका बाजूला लागतो, दुसऱ्या बाजूला लागतच नाही असं असेल तर एक्स-रे काढून घ्यावा. सुळा टाळूकडे भरकटत असेल तर वेळेवर दुधाचा सुळा काढून टाकल्याने तो बऱ्याचदा आपला आपण वाटेवर येतो, स्वीडनमधल्या एरिक्सन आणि कुरोल यांनी 1988 मध्ये हे दाखवलं. दोन-तीन वर्षं उशीर झाला की तोच सुळा हिरडी उघडून साखळीने ओढत खाली आणावा लागतो.

दात सरकतो कसा

दात हाडात सिमेंटने चिकटवलेला नसतो, मधे जेमतेम पाव मिलीमीटरचा तंतूंचा थर असतो. तारेने हलका दाब दिला की दाबाच्या बाजूला हाड विरघळतं आणि ओढीच्या बाजूला नवीन तयार होतं, दात महिन्याला साधारण एक मिलीमीटर सरकतो. जोरात ओढून काम लवकर होत नाही, तंतूंचा रक्तपुरवठा बंद पडून उलट दात अडकतो आणि मुळं झिजायची भीती. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी बोलावतात आणि एकूण दीड-दोन वर्षं जातात.

आधुनिक ब्रेसेसचा पाया अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट एडवर्ड अँगल यांचा. चावा कसा बसतो यावरून त्यांनी 1899 मध्ये केलेले तीन वर्ग आजही केसपेपरवर लिहितात. पूर्वी प्रत्येक दाताला स्टीलचं कडं ठोकायचे, 1955 मध्ये ब्युनोकोर यांनी आम्लाने दाताचं इनॅमल, म्हणजे बाहेरचं कडक आवरण, खरवडून त्यावर चिकटवायची पद्धत दाखवली आणि पुढे त्यातूनच दातावर चिकटणारे आणि तार धरून ठेवणारे छोटे ब्रॅकेट आले. सुरुवातीला लावतात ती निकेल-टायटॅनियमची तार कितीही वाकवली तरी मूळ आकारात यायला बघते, तो धातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला.

"चांगले दात का काढायचे?" हे भांडणही जुनंच. अँगल दात काढायच्या सक्त विरोधात होते, पण त्यांचाच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना दिसलं की दाटीवाटीच्या केसेसमध्ये दात पुन्हा पुढे येतात, मग त्यांनी चार उपदाढा काढून त्याच पेशंटना पुन्हा ट्रीटमेंट दिली. आज मोजमाप करून ठरवतात, सरसकट काढणारा आणि कधीच न काढणारा, दोघांच्याही बाबतीत दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं.

लावल्यानंतर

चिकटवताना दुखत नाही, काही तासांनी ठणक सुरू होते आणि दोन-चार दिवस राहते, वरण-भात, खिचडी, इडलीवर निभावतं. तार टोचली तर मेणाची गोळी दाबायची. ऊस, कणीस, चिक्की, डिंकाचे लाडू, संक्रांतीच्या कडक वड्या, दिवाळीची चकली हे बंद किंवा बारीक तुकडे करून, कारण एक ब्रॅकेट निघाला की महिनाभर मागे. आणि पारदर्शक रबरी रिंगा आपल्याकडे घेऊच नयेत, हळदीच्या आमटीने दोन दिवसांत पिवळ्याजर्द होतात. राखाडी किंवा गडद निळ्या घ्या.

खरा धोका ब्रश नीट न करण्याचा. ब्रॅकेटभोवती घाण साचली तर ट्रीटमेंट संपल्यावर दात सरळ पण त्यावर पांढरे चौकोनी डाग, आणि ते सहजी जात नाहीत. फ्लोराइडची पेस्ट, बारीक इंटरडेंटल ब्रश, रात्री आळस चालणार नाही. अलाइनर म्हणजे पारदर्शक प्लेटा काढता येतात म्हणून मुलांना आवडतात, पण दिवसाला वीस-बावीस तास घालाव्या लागतात आणि शाळेच्या डब्यासोबत हरवतात. एक्स-रे न काढता घरपोच मिळणाऱ्या अलाइनरच्या नादी वाढत्या मुलाला लावूच नये.

हे काम बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस केलेल्या ऑर्थोडॉन्टिस्टचं. खाजगीत मेटल सगळ्यात स्वस्त, सिरॅमिक त्याहून महाग, अलाइनर सगळ्यात वर. मुंबईचं नायर आणि सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज, नागपूरचं सरकारी कॉलेज इथे बऱ्याच कमी पैशात होतं, शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात, वेळ मात्र जातो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना अठराच्या आत एनएचएसवर, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, फुकट मिळतं, पण गरज ठरावीक मापात बसली तरच.

तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागेवर धरून ठेवणारी प्लेट किंवा तार. हिरडीतल्या तंतूंना नव्या जागेशी जुळवून घ्यायला वर्षभर लागू शकतं, तोवर दात मागे फिरायला बघतात, आणि दहावीच्या गडबडीत रिटेनर कपाटात राहिला की दोन वर्षांचे पैसे गेले. सुरुवातीला डॉक्टर सांगतील तितके तास, मग रात्री, बरेच जण म्हणतात कायमच रात्री. खालच्या दातांमागे चिकटवलेली बारीक तार असेल तर ती सुटली आहे का हे अधूनमधून दाखवून घ्यायचं, सुटलेली कळत नाही. दात पुन्हा वाकडे झाले की लोक अक्कलदाढेला दोष देतात, पण निव्वळ त्यासाठी ती काढून घ्यावी असं अभ्यासांत काही सापडलेलं नाही.