ॲसिरियन सैनिकांच्या लघुमूर्तींचे रंगकाम

प्राचीन मेसोपोटेमियातील ॲसिरियन साम्राज्याच्या (इ.स.पू. सुमारे ९११–६०९) सैनिकांच्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या छोट्या मूर्ती हाताने रंगवण्याचा छंद. २८ मिमी. म्हणजे साधारण इंचभर उंचीच्या मूर्ती अधिक प्रचलित असून १५ मिमी. आणि १/७२ प्रमाणातील (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मूर्तीही रंगवल्या जातात. काहींचा उपयोग टेबलावरच्या युद्धखेळांत होतो, काही कपाटात मांडण्यासाठीच असतात.

हात बसायला वेळ लागतोच, पण त्याहून जास्त वेळ रंग ठरवण्यात जातो. या सैन्याची वेशभूषा आपल्याला कळते ती मुख्यतः राजवाड्यांच्या भिंतींवरील उठावशिल्पांतून. ॲसिरियन राजा सेन्नाकेरिब याच्या राजधानी निनवे येथील राजवाड्यात इ.स.पू. ७०१ मधील यहूदातील लाखीश शहराच्या वेढ्याचे शिल्पपट होते. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. टोकदार शिरस्त्राणे घातलेले धनुर्धारी, तुरेवाल्या शिरस्त्राणांचे भालाईत, गोफणवाले असे सगळे त्यांत बारकाईने कोरलेले आहे. दगड मात्र आता राखाडी दिसतो. मूळचा रंग बहुतेक उडून गेला. निमरूद या दुसऱ्या ॲसिरियन राजधानीच्या काही शिल्पांवर केस-दाढीचा काळा, डोळ्यांतला पांढरा, पायताणांवरचा तांबडा आणि काळा एवढ्या खुणा उरल्या आहेत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑस्टिन हेन्री लेयार्ड यांनी निमरूदला खणून काढलेल्या शिल्पांच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला गेल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही ॲसिरियन उठावशिल्पे आहेत. मूर्ती रंगवायला बसण्यापूर्वी ती जवळून पाहावीत. वस्त्रांच्या झालरीची आणि दाढीच्या कुरळ्या बटांची वीण छायाचित्रापेक्षा तिथे फार चांगली उमगते.

रंगाचा सर्वांत मोलाचा पुरावा सीरियातील तिल बारसिपचा. १९२९–३१ मध्ये फ्रेंच उत्खननात तेथील राजवाड्याची भित्तिचित्रे उजेडात आली. पांढऱ्या गिलाव्यावर काळ्या रेषा आणि त्यांत तांबडा व निळा, असा मोजक्या रंगांचा तो संसार आहे. बायबलमधील यहेज्केलच्या ग्रंथातही ॲसिरियन अधिकारी निळ्या वस्त्रांत वर्णिले आहेत, तर ॲसिरियन राजांच्या लेखांत निळ्या आणि जांभळ्या लोकरीचा उल्लेख खंडणीत येतो. म्हणून सबंध पलटण जांभळी रंगवणे चुकीचे वाटते. असले महाग रंग राजा आणि अधिकाऱ्यांपुरते ठेवावेत; साध्या शिपायाला गेरूसारखा तांबडा, कच्च्या लोकरीचा पांढरट किंवा फिका निळा शोभतो.

शिरस्त्राण लोखंडी रंगवावे की काशाचे, यावर वाद घालण्याचे कारण नाही. निमरूदला काशाच्या पट्ट्या बसवलेली लोखंडी शिरस्त्राणे सापडली आहेत, आणि चिलखतांच्या पट्ट्या दोन्ही धातूंच्या मिळाल्या आहेत. एकाच तुकडीत दोन्ही मिसळल्यास ती जास्त खरी दिसते. उंच, वरून मागे वळलेल्या ढाली वेताच्या किंवा बोरूच्या विणीच्या असत. त्यांना वाळक्या गवताचा रंग द्यावा.

मूर्ती आधी साबणाच्या पाण्याने धुवून, साच्याच्या शिवणी घासून प्रायमरचा (रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा) पातळ हात देतात. मग ॲक्रिलिकचे मूळ रंग, त्यावर खाचांत उतरणारा पातळ गडद वॉश, आणि शेवटी उंचवट्यांवर फिकट रंग. चिलखतावर जवळजवळ कोरड्या ब्रशने धातूचा रंग हलकेच फिरवला की एकेक पट्टी सुटी दिसू लागते. दाढीला निव्वळ काळा देऊ नये. काळ्यावर निळसर करड्याच्या बारीक रेघा ओढल्याशिवाय बटा उठत नाहीत. झालरीला मात्र युक्ती नाही, धाग्यामागे धागा ओढत बसावे लागते.

मूर्तीच्या पायाखालच्या बैठकीवर सरसकट पिवळी वाळू पसरण्याची सवय आहे, ती सोडलेली बरी. ॲसिरियाचा गाभा म्हणजे आजच्या मोसुलभोवतीचा, वसंतात हिरवागार होणारा आणि उन्हाळ्यात करपणारा गवताळ मुलूख. लाखीशच्या वेढ्यासाठी चुनखडीचे फिकट खडे आणि सुके गवत चालते. ॲसिरियाच्या पूर्वेकडील झॅग्रोस डोंगरातल्या स्वारीसाठी खडक अधिक, माती कमी.