वडिलांची जुनी मोटरसायकल आमच्या गॅरेजला आणताय? आधी हे वाचा

पहिली गोष्ट, गाडी धुऊन आणू नका. खरंच. दहा-पंधरा वर्षं जिन्याखाली पडलेली गाडी लोक आदल्या दिवशी प्रेशरने पाणी मारून चकाचक करतात आणि त्यात सीटखालची पंपाची पावती, मडगार्डवरचं जोतिबाचं स्टिकर सगळं जातं, मग महिन्याभराने तेच आठवतं.

आमचं गॅरेज कसं सुरू झालं ते सांगतो. आबा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा त्यांची येझदी मोटरसायकल परड्यात ताडपत्रीखाली होती. दादाला विकायची होती, मला ठेवायची होती, चार महिने आम्ही धड बोलत नव्हतो. एका रविवारी इंजिन जाम आहे का बघू म्हणून प्लग खोलला आणि मग वर्षभर दर रविवार त्यातच गेला. बारावीत नापास झाल्यावर आबा दादाला गाडीवर पन्हाळ्याला घेऊन गेलेले, एक शब्द न बोलता भजी खायला घालून परत आणलेलं, हे त्याने मला साखळी काढता काढता सांगितलं. समोर बसून कधी सांगितलं नसतं, हातात पाना असला की माणूस खाली बघून बोलतो.

चूक पण तेव्हाच केली. टाकी रंगाऱ्याकडे दिली, त्याने पोचा लांबी (पुट्टी) भरून सपाट केला. आई म्हणाली, ही कुणाची टाकी आणली? तो पोचा आबांनी मला शिकवताना मी गाडी पाडली त्याचा होता.

म्हणून आता काम घेताना काय बदलायचं नाही याची यादी आधी घरच्यांकडून घेतो. घासलेली ग्रिप, गुडघ्याने उडालेला रंग, जे असेल ते. ब्रेक, टायर, केबल, वायरिंग मात्र नवीनच, तिथे भावना चालत नाही.

जाम इंजिनला किक मारत बसू नका, पिस्टनच्या रिंगा तुटतात. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून आठवडाभर तसंच ठेवा, बाकी आम्ही बघतो. सिलिंडर घासला असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर करून, म्हणजे आतून थोडा मोठा कापून, ओव्हरसाइज पिस्टन बसतो. टाकीत जुनं पेट्रोल असेल तर कुणालाही तिथे वेल्डिंग करू देऊ नका, रिकामी दिसली तरी वाफ असते. येझदीवाल्यांनी वेळ धरूनच या, म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला आणि आत्ताच्या नव्या येझदीचे पार्ट जुन्या इंजिनला बसत नाहीत, त्यामुळे शोधाशोध होते. इंजिन खोलल्याशिवाय खर्चाचा आकडा सांगत नाही, कुणी फोनवर सांगत असेल तर तो अंदाजच समजा.

कागदाचं बघा. मालक वारले तर ३० दिवसांत आरटीओला कळवून ३ महिन्यांत फॉर्म ३१ ने गाडी वारसाच्या नावावर करायची असते. बहुतेकांचं राहून गेलेलं असतं, तरी रंगाला पैसे घालायच्या आधी हेच करा. १५ वर्षांनंतर पासिंग पण परत करावं लागतं. रंग किंवा इंजिन बदललं तर तेही आरसीवर चढवायला लागतं. आणि चेसिस नंबरवर लांबी किंवा ग्राइंडर अजिबात नको, नंबर वाचता आला नाही तर पुढे सगळंच अडतं. ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी असेल तर व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, ऑफिसला न्यायची असेल तर त्या भानगडीत पडू नका.

घरच्यांपैकी निदान एकाने रविवारी यायचं ही आमची अट आहे. काम येत नसलं तरी चालतं, नट रॉकेलमध्ये धुवायला काही शिकावं लागत नाही. भाऊभाऊ भांडत असतील तर दोघांनी या, स्टूल दोन आहेत. जुने कपडे घाला, डबा आणा. येझदीची पहिली किक मारायला थोरल्याला देतो, पण त्याला आधी दाखवावं लागतं की गिअरचाच दांडा वर फिरवला की किक होते, नाहीतर तो उजवीकडे शोधत बसतो.

सोमवारी बंद.