बायस: सी बॅटरीपासून लाल प्लेटपर्यंत

जुन्या व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्पमध्ये पॉवर व्हॉल्व्हची, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या काचेच्या नळीची, प्लेट (आतला धातूचा पत्रा) लाल दिसली, की पहिला निकाल ठरलेला: व्हॉल्व्ह गेला. नवा बसवतात, आणि थोड्याच दिवसांत तोही लाल. बहुतेक वेळा बिचाऱ्या व्हॉल्व्हचा काही दोष नसतो. त्याला आवरून धरणारा वजा व्होल्ट, म्हणजे बायस, कुठेतरी ढिला पडलेला असतो.

अमेरिकी संशोधक ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये फिलामेंट (तापणारी तार) आणि प्लेट यांच्यामध्ये ग्रिड, म्हणजे प्रवाह आवरणारी जाळी, घातली. पुढे १९२०च्या दशकातल्या रेडिओंना तीन बॅटऱ्या लागत: फिलामेंटला ए, प्लेटला बी आणि ग्रिडला सी. सी बॅटरी ग्रिड काही व्होल्ट वजा ठेवायची, त्यामुळे आवाज कमी फाटायचा आणि महागडी बी बॅटरी जास्त टिकायची.

दशकाच्या अखेरीस घरच्या विजेवर चालणारे रेडिओ आले, बॅटऱ्या गेल्या आणि बायसला दोन वाटा फुटल्या. एक, कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) रेझिस्टर लावायचा: प्रवाह वाढला की कॅथोडचा व्होल्टेज चढतो आणि व्हॉल्व्ह स्वतःच स्वतःला आवरतो. दुसरी, ट्रान्सफॉर्मरवरून वेगळा वजा पुरवठा काढायचा. याला ‘फिक्स्ड बायस’ म्हणतात आणि गोंधळ नेमका इथे होतो, कारण बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये पेचकसाने फिरवून बदलता येतो तो हाच. व्हॉल्व्हच्या प्रवाहाबरोबर तो आपोआप हलत नाही, एवढाच त्या ‘फिक्स्ड’चा अर्थ.

गिटार अ‍ॅम्पनी दोन्ही वाटा उचलल्या. फेंडरचा ५ई३ डीलक्स आणि व्हॉक्सचा एसी३० कॅथोड बायसचे. फेंडरचा ५एफ६-ए बासमन आणि त्यावरून घडलेला मार्शलचा जेटीएम४५ फिक्स्डचे. बासमनमध्ये बायस फिरवायची सोयच नव्हती. ठरलेले रेझिस्टर, एक सेलेनियम रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग), दोन छोटे कंडेन्सर, बस्स. अख्ख्या अ‍ॅम्पमधला हा सर्वांत स्वस्त कोपरा, आणि महागडे व्हॉल्व्ह त्याच्याच भरवशावर. सेलेनियम जुना झाला की त्याचा रोध वाढतो, कंडेन्सर सुकतात, वजा व्होल्ट घटतो आणि प्लेट तापू लागते.

१९६०च्या दशकात फेंडरने बायसचा पॉट, म्हणजे फिरवून बदलायचा रेझिस्टर, दिला. १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीकडे गेली आणि दशकाच्या शेवटी आलेल्या रुपेरी पॅनेलच्या अनेक मॉडेलांत त्या जागी ‘बॅलन्स’चा पॉट बसला. तो फिरवला की एका बाजूचा प्रवाह उतरतो, दुसरीचा चढतो. हे माहीत नसलेला माणूस पेचकस घेऊन तासभर बसतो. (मीही बसलो आहे.)

पुढे अमेरिकेतले आणि ब्रिटनमधले व्हॉल्व्हचे मोठे कारखाने बंद पडत गेले. सोव्हिएत आणि चिनी व्हॉल्व्ह आले. छापलेला नंबर तोच, पण त्याच बायसवर प्रवाह वेगळा. व्हॉल्व्ह बदलला की बायस लावायचा हा शिरस्ता पडला आणि त्यासोबत ७० टक्क्यांचा आडाखा रूढ झाला. ६एल६जीसी या पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटची मर्यादा ३० वॅट, तिचे ७० टक्के २१. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर साधारण ४७ मिलिअँपिअर. आडाखा वाईट नाही, पण त्याच्या नादात बायस मुळात का सरकला हे कुणी बघत नाही आणि बिघाड पॉटखाली झाकला जातो.

फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये हे बघायचं असेल तर पॉवर व्हॉल्व्ह काढा, स्टँडबायचा (प्लेटचा पुरवठा तोडणारा) स्विच वाजवायच्या स्थितीत ठेवा आणि दोन्ही सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, मीटर लावा. एक हात खिशात. आत ४००च्या वर व्होल्ट असतात. दोन्हीकडे सारखाच कमी आकडा आला तर दोष पुरवठ्यात. एका बाजूला -४८ आणि दुसरीकडे -४३.६ दिसले, तर त्या दुसऱ्या बाजूचा कपलिंग कंडेन्सर (आधीच्या टप्प्याचा डीसी व्होल्टेज अडवणारा) गळतोय असं समजा: २२० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर ४.४ व्होल्ट पडायला २० मायक्रोअँपिअर पुरतात. स्टँडबायमध्ये मोजलं तर ही गळती दिसतच नाही, कारण कंडेन्सरच्या पलीकडे व्होल्टेजच नसतो.

दोन्ही आकडे नीट आणि तरी अर्ध्या तासाने प्लेट लाल, तेव्हा मात्र व्हॉल्व्हवर संशय घ्यावा. तापल्यावर त्याची ग्रिडच थोडा प्रवाह सोडू लागते, आणि ग्रिडचा रेझिस्टर जितका मोठा तितका तो वजा व्होल्ट खातो. आरसीएने १९३६ मध्ये काढलेल्या ६एल६च्या माहितीपत्रकात फिक्स्ड बायसला ग्रिडचा रोध १०० किलोओहमच्या वर नेऊ नका, असं बजावलेलं आहे. बासमनमध्ये २२० आहेत.