कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी (इंटरनॅशनल बिझनेसच्या अभ्यासक्रमातला विषय)

कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी हा मॅनेजमेंटच्या पदवीला, आणि त्यातही ज्यांनी इंटरनॅशनल बिझनेस घेतलंय त्यांना, बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षाला येणारा विषय. कंपनीने कुठल्या धंद्यात असावं, कुठल्या देशात जावं, आणि तिथे एकट्याने जावं की कुणाला सोबत घेऊन, या तीन प्रश्नांत जवळपास अख्खा विषय आला. शेवटी ठेवतात कारण त्याआधी अकाउंट्स, फायनान्स, मार्केटिंग सगळं होऊन गेलेलं लागतं. अमेरिकेत १९५९ साली गॉर्डन आणि हॉवेल या दोघांनी फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून बिझनेस शिक्षणावर अहवाल केला, त्यात आधी शिकलेलं सगळं एकत्र बांधणारा एक कोर्स शेवटी असावा अशी शिफारस होती, तेव्हा त्याला बिझनेस पॉलिसी म्हणायचे, स्ट्रॅटेजी हे नाव नंतर रुळलं.

सगळ्यात जास्त गोंधळ नावातच होतो. बिझनेस स्ट्रॅटेजी वेगळी आणि कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी वेगळी. समजा एक कंपनी साबणही बनवते आणि पंपही. साबणाच्या बाजारात स्वस्त विकून टिकायचं की वेगळं काहीतरी देऊन, हा बिझनेस स्ट्रॅटेजीचा प्रश्न. पण साबण आणि पंप एकाच मालकाकडे असण्यात मुळात फायदा काय, हा कॉर्पोरेटचा प्रश्न, आणि तो दिसतो त्यापेक्षा बराच बोचरा आहे, कारण गुंतवणूकदाराला दोन्ही हवं असेल तर तो दोन वेगळ्या कंपन्यांचे शेअर स्वतःच घेऊ शकतो, मग मधल्या हेड ऑफिसचा खर्च त्याने का उचलायचा? हेड ऑफिसने या दोन धंद्यांना असं काही द्यायला हवं जे त्यांना सुटं सुटं राहून मिळालं नसतं. देशांचंही तसंच. पाच देशांत पाच कंपन्या आहेत म्हणजे स्ट्रॅटेजी झाली असं नाही, त्या एकमेकींच्या काय कामाला येतात ते सांगता आलं पाहिजे. उत्तरपत्रिकेत हा फरक सुटला की पुढचं सगळं भरकटतं.

थिअरीचा भाग मोठा आहे पण त्यात दोन वेगळे प्रवाह आहेत हे लक्षात ठेवलं की सोपं जातं. एक कंपनीच्या रचनेकडून आला. इगोर अॅन्सॉफ या स्ट्रॅटेजीच्या अभ्यासकाने १९५७ ला माल जुना की नवा, बाजार जुना की नवा असा चार घरांचा तक्ता मांडला, आणि अल्फ्रेड चँडलर या इतिहासकाराने ड्युपाँट, जनरल मोटर्स वगैरे कंपन्यांचा इतिहास खणून १९६२ ला दाखवलं की आधी स्ट्रॅटेजी बदलते आणि मग तिच्यामागून कंपनीची रचना बदलते. (अॅन्सॉफच्या तक्त्यात परदेशात जाणं म्हणजे जुना माल नवा बाजार असं पोरं सर्रास लिहून टाकतात, प्रत्यक्षात सीमा ओलांडली की मालही थोडाफार बदलावाच लागतो, त्यामुळे ते घर वाटतं तितकं सुरक्षित नाही.)

दुसरा प्रवाह अर्थशास्त्राकडून आला आणि तो जास्त मजेशीर आहे. स्टीफन हाइमरने १९६० ला एमआयटीत प्रबंध लिहिला, प्रश्न साधाच होता: परक्या देशात भाषा, कायदा, ओळखीपाळखी सगळ्यात मागे असलेली कंपनी तिथल्या लोकांना हरवते कशी? म्हणजे तिच्याकडे असं काहीतरी असणार जे हा परकेपणाचा खर्च भरून काढतं. तो प्रबंध पुस्तकरूपाने आला १९७६ ला, तोवर हाइमर हयातही नव्हता. जॉन डनिंगने पुढे यात अजून दोन गोष्टी जोडल्या, तोच देश का, आणि तिथल्या कंपनीला आपला माल बनवायचं लायसन्स देऊन भागत असताना स्वतः जायचं कशाला. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या जोहान्सन आणि वाल्ने यांनी १९७७ ला वेगळंच सांगितलं, की कंपन्या एवढा हिशोब करत नाहीत, ओळखीच्या, जवळच्या देशापासून सुरू करतात, आधी एजंट, मग विक्री ऑफिस, मग कारखाना, शिकत शिकत पुढे सरकतात.

१९८३ ला हार्वर्डचे मार्केटिंगचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट म्हणाले जगाच्या आवडीनिवडी एकसारख्या होत चालल्यात, सगळीकडे एकच माल विका. यावर वाद अजून संपलेला नाही. बार्टलेट आणि सुमंत्र घोषाल यांनी १९८९ ला मधली वाट काढली, जगभर एकसारखेपणाचा फायदाही घ्यायचा आणि स्थानिक गरजेप्रमाणे बदलायचंही, कागदावर हे सुंदर दिसतं, चालवायला महाकठीण. पंकज घेमावत यांनी २००१ ला अंतराचे चार प्रकार केले: संस्कृतीचं, सरकार-कायद्याचं, भूगोलाचं आणि आर्थिक. याच्यासोबत वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीची जर्मनीतली केस (म्हणजे वर्गात चर्चेला घेतात ती खऱ्या कंपनीची गोष्ट) जवळजवळ ठरलेलीच, १९९७ ला गेले आणि २००६ ला दुकानं विकून परत आले. विद्यार्थी लगेच संस्कृती म्हणून मोकळे होतात, दारात हसून स्वागत केलेलं जर्मन लोकांना आवडलं नाही वगैरे. पण तिथे आल्डी आणि लिडल या जर्मन दुकानसाखळ्या आधीच स्वस्त विकत होत्या, आणि खरेदी किमतीच्या खाली जाऊन विकण्यावर तिथल्या कायद्याचं बंधन होतं, २००० साली तिथल्या कार्टेल ऑफिसने (बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणारं सरकारी खातं) वॉलमार्टला काही वस्तूंच्या किमती वाढवायला लावल्या. स्वस्ताई हेच ज्याचं हत्यार त्याचं ते हत्यारच तिथे चाललं नाही, हसण्याबिसण्याचा मुद्दा त्यामानाने किरकोळ.

या विषयाची खरी अडचण मात्र होंडाच्या केसमध्ये कळते. होंडाने अमेरिकेत मोटरसायकली कशा काय खपवल्या यावर बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीने १९७५ ला ब्रिटिश सरकारसाठी रिपोर्ट केला. त्यात सगळं जागच्या जागी: घरच्या बाजारात प्रचंड उत्पादन, त्यातून कमी खर्च, मग छोट्या गाड्यांच्या वाटेने अमेरिकेत प्रवेश. मग मॅनेजमेंटचे अभ्यासक रिचर्ड पास्काल जपानला गेले, त्या वेळी प्रत्यक्ष काम केलेल्या अधिकाऱ्यांना भेटले आणि १९८४ ला लिहिलं की असं काही झालंच नव्हतं. १९५९ ला लॉस एंजेलिसला आलेल्या लोकांना मोठ्या गाड्या विकायच्या होत्या, जपान सरकारने परकीय चलनही मोजकंच दिलेलं, त्यात अमेरिकेतल्या लांब पल्ल्याला आणि वेगाला त्या मोठ्या गाड्यांचं ऑइल गळायला लागलं, क्लच जायला लागले. आणि ही मंडळी शहरात कामाला फिरायची ती ५० सीसीच्या सुपर कबवर, लोक त्याच गाडीची चौकशी करायला लागले, तेव्हा नाइलाजाने ती विकायला काढली. पुढे गाजलेली जाहिरातीची कल्पनासुद्धा मुळात यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याची असाइनमेंट होती!

मॅनेजमेंटचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग म्हणतात ठरवून केलेली स्ट्रॅटेजी वेगळी आणि करता करता उगवलेली वेगळी, त्याला याहून चांगलं उदाहरण नाही. वर्गात केस वाचताना शेवट माहीत असतो त्यामुळे प्रत्येक पाऊल शहाणपणाचं वाटतं, म्हणून काही प्राध्यापक केस अर्ध्यात तोडतात आणि पुढचा निर्णय मुलांना घ्यायला लावतात. हा प्रकार त्रासदायक आहे पण शिकायला यातूनच मिळतं. उलट स्वॉट (कंपनीची बलस्थानं, कमजोरी, संधी, धोके), पेस्टेल (राजकारण, अर्थव्यवस्था, समाज, तंत्रज्ञान, पर्यावरण, कायदा), मायकेल पोर्टरचे पाच फोर्सेस (१९७९, धंद्यातल्या स्पर्धेवरचे पाच दबाव) हे तक्ते भरून पानं सजवणं सोपं, म्हणूनच त्यावर मार्क फारसे पडत नाहीत. शिफारस करताना काय सोडायचं, पैसा कुठून आणायचा आणि कुठला आकडा चुकला तर माघार घ्यायची, एवढं लिहिलं तरी चार तक्त्यांपेक्षा जास्त वजन पडतं.

प्रोजेक्टला एखाद्या खऱ्या कंपनीचा एखाद्या देशातला धंदा घेतला की पहिली ठेच वार्षिक अहवालात लागते, कारण बऱ्याच कंपन्या युरोप, मध्यपूर्व आणि आफ्रिका असं सगळं एकाच ओळीत दाखवतात आणि हव्या त्या देशाचा आकडा सापडतच नाही. अशा वेळी तिथल्या उपकंपनीने स्थानिक रजिस्टरला दिलेले हिशोब बघायचे, ब्रिटनमध्ये कंपनीज हाउसच्या साइटवर ते फुकट मिळतात, बाकी काही देशांत पैसे मोजावे लागतात.