चांदीच्या पेल्याला मुलामा

१९६३ साली जपानमध्ये शंभरी गाठलेली माणसं होती अवघी १५३. त्या वर्षापासून शंभर वर्षं पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला पंतप्रधानांच्या वतीनं चांदीचा पेला देण्याची प्रथा सुरू झाली. २०१४ मध्ये एकाच वर्षात असे मानकरी २९ हजारांवर गेले. पेल्याचा आकार त्याआधीच लहान केला होता. २०१६ पासून शुद्ध चांदीही गेली आणि वरचा मुलामा तेवढा उरला. पेन्शन आणि औषधपाण्याच्या सवलतींचंही साधारण हेच झालं. फरक एवढाच, की पेला छोटा केला म्हणून कुठलं सरकार पडलं नाही.

सवलतींची सुरुवात एका गरीब, बर्फाळ खेड्यातून झाली. इवाते प्रांतातल्या सावाउची गावानं १९६० मध्ये वृद्धांवरचे उपचार मोफत केले. १९६१ मध्ये देशभर सर्वांसाठी आरोग्यविमा आणि पेन्शन योजना लागू झाली. १९६९ मध्ये तोक्योनंही सावाउचीचा कित्ता गिरवला. मग काकुएइ तानाका यांच्या सरकारनं जानेवारी १९७३ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना मोफत उपचार दिले, पेन्शन वाढवली आणि ती महागाईशी जोडली. त्या वर्षाला 'कल्याणाचं पहिलं वर्ष' असं नाव पडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेलाच्या किमतींचा भडका उडाला आणि ज्या वेगवान वाढीच्या भरवशावर हे सगळं कबूल केलं होतं, ती वाढच संपली.

दवाखान्यांत मात्र गर्दी वाढत गेली. त्या काळचा एक विनोद जपानमध्ये अजून सांगतात: "आज त्या आजी दिसल्या नाहीत?" "बरं नाही ना त्यांना, म्हणून आल्या नाहीत." घरी बघायला कुणी नाही म्हणून म्हाताऱ्यांना महिनोन्‌महिने रुग्णालयातच ठेवण्याचीही रीत पडली. अखेर १९८३ मध्ये मोफत उपचार बंद झाले आणि थोडी का होईना, फी आली.

म्हातारे एवढे वाढणार, हे आधी कळलं नाही का? आकडे तर समोरच होते. युद्धानंतरच्या तीन वर्षांत, १९४७ ते १९४९, मुलांचं अमाप पीक आलं. एकट्या १९४९ मध्ये जवळपास २७ लाख जन्म झाले. पुढच्या दहा वर्षांत मात्र जननदर बाईमागे साडेचारवरून दोनवर उतरला. १९४९ साली जन्मलेला माणूस २०१४ मध्ये पासष्टीचा होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पण तो तिशीत असताना त्याच्या पगारातून पैसा येत होता आणि म्हातारे थोडे होते, तेव्हा पुढचा हिशेब मांडायची घाई कुणालाच नव्हती. पासष्टीवरच्या लोकांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला शतकाहून अधिक काळ लागला. जपाननं ती मजल १९७० ते १९९४ या २४ वर्षांत मारली.

उरलेली कहाणी विक्रीकराची. सगळा भार पगारदारांवर टाकण्यापेक्षा खर्च करणाऱ्या प्रत्येकाकडून, म्हणजे म्हाताऱ्यांकडूनही, थोडं थोडं घ्यावं असा त्यामागचा विचार. १९८९ मध्ये ३ टक्के कर आला आणि सत्ताधारी पक्षानं वरिष्ठ सभागृहातलं बहुमत गमावलं. १९९७ मध्ये तो ५ टक्के झाला. पुढच्याच वर्षी निवडणुकीत मार खाऊन पंतप्रधान हाशिमोतो पायउतार झाले. २०१२ मध्ये पंतप्रधान नोदा यांनी विरोधकांना सोबत घेऊन १० टक्क्यांचा कायदा केला आणि वर्ष संपायच्या आत सत्ता घालवली. २०१४ मध्ये ८ टक्के झाले, पण १० टक्के व्हायला दोनदा पुढे ढकलत २०१९ उजाडलं. दरम्यान तूट कर्जानं भरली जात राहिली आणि सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीवर गेलं.

माझ्या मते या सगळ्यातली खरी धाडसी गोष्ट कर नव्हे, तर एप्रिल २००० मध्ये आलेला शुश्रूषा विमा. तोवर अंथरुणाला खिळलेल्या सासू-सासऱ्यांचं करणं हे सुनेचं काम धरलं जाई. (हे आपल्याला समजावून सांगायला नको.) आता चाळिशीपुढच्या प्रत्येकानं हप्ता भरायचा आणि गरज पडली की घरी मदतनीस किंवा केंद्रातली सेवा घ्यायची, बहुतेकांसाठी खर्चाचा दहावा हिस्सा आपला. मुलांनी आईबापांचं करण्याची चांगली रीत यानं मोडेल, अशी कुरकुर सत्ताधारी पक्षातूनच झाली आणि ज्येष्ठांची हप्तेवसुली सहा महिने लांबवावी लागली. योजना टिकली. अडचण दुसरीच आली: हे काम करायला माणसं कुठून आणायची? १५ ते ६४ वयाचे लोक १९९५ मध्ये ८ कोटी ७० लाखांच्या घरात होते, ते तेव्हापासून घटतच आहेत. परदेशी कामगारांबद्दल कायम हात आखडता घेणाऱ्या देशानं २०१९ मध्ये शुश्रूषेसह अनेक कामांसाठी नवा व्हिसा काढला. त्यासाठी भारताशीही २०२१ मध्ये करार झाला.

२०२४ मध्ये जपानमध्ये मुलं जन्मली ६ लाख ८६ हजार, म्हणजे १९४९ च्या जवळपास चौथा हिस्सा. आणि १९४९ ची ती मुलं आता पंचाहत्तरीपार आहेत. शुश्रूषा विम्याचा ज्येष्ठांसाठीचा सरासरी मासिक हप्ता सुरुवातीला २,९११ येन होता. २०२४ पासून तो ६,२२५ येन आहे. बहुतेकांचा तो पेन्शन हातात पडायच्या आधीच कापून घेतला जातो.