मृत्युपत्रावर एक्झिक्युटरची सही लागते?

‘एक्झिक्युटरची सही नाही, आता प्रोबेट विसरा’ हे ऐकून घाबरू नका. एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी त्यात नेमलेली व्यक्ती; प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 नुसार मृत्युपत्रावर सामान्यतः ते करणाऱ्याची आणि किमान दोन साक्षीदारांची सही लागते, एक्झिक्युटरची नाही. तो सही करतो ती नंतर, प्रोबेटच्या अर्जावर आणि अर्जाखालच्या सत्यापनावर, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या घोषणेवर (कलम 280). वकील असेल तर अर्जावर त्याचीही सही.

विसरली जाते ती वेगळीच सही. मृत्युपत्राचा एखादा साक्षीदार मिळण्यासारखा असेल, तर ‘मी हजर होतो, सही होताना पाहिली’ असे सत्यापन त्यानेही अर्जावर करायचे असते (कलम 281). म्हणून साक्षीदार शक्यतो आपल्याहून तरुण निवडावेत. एक्झिक्युटर दोन असले तरी दोघांनी एकदमच अर्ज करायला हवा असे नाही.