घोड्याचे अचानक बिथरणे

एरवी शांत असलेला घोडा एकाएकी चावू लागतो, तंग (खोगीर बांधण्याचा पोटाखालचा पट्टा) आवळताना लाथ उगारतो, दुगाण्या झाडतो, मागच्या पायांवर उभा राहतो, रोजच्या वाटेवर बुजतो किंवा जागचा हलत नाही, तेव्हा तो बिथरला असे म्हणतात. मराठीत अशा वागण्याला सरसकट ‘खोड’ म्हटले जाते आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हा समजही त्या शब्दासोबत येतो. त्यापायी अनेक आजारी घोड्यांनी मार खाल्ला आहे. खोड हळूहळू लागते. वर्षानुवर्षे नीट वागलेल्या जनावरात आठवड्याभरात फरक पडला, तर ते लक्षण समजावे आणि तपासणीत दुसरे काही निघेपर्यंत त्याला कुठेतरी दुखते आहे असेच धरून चालावे.

घोडा हे शिकाऱ्यापासून पळून जगणारे जनावर आहे; दुखणे झाकून ठेवणे त्याच्या स्वभावातच आहे. तरीही ते आधी चेहऱ्यावर उमटते: कान ताठ मागे वळतात, डोळे आकसतात, डोळ्यांच्या वरचा भाग व जबड्याचे स्नायू ताणले जातात, हनुवटी आवळली जाते, नाकपुड्या ताठरतात. या सहा खुणांवर आधारलेली वेदनामापनाची पट्टी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. स्वारीखालच्या घोड्यासाठी ब्रिटिश अश्ववैद्य सू डायसन यांनी सहकाऱ्यांसह 24 वर्तनांची यादी तयार केली. त्यांपैकी 8 किंवा अधिक वर्तने दिसल्यास हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे असण्याची शक्यता मोठी असते, मग घोडा उघड लंगडत नसला तरी.

सर्वांत जास्त नजरेतून सुटणारे कारण म्हणजे जठरातील व्रण. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र पाझरत असते, कारण थोडेथोडे सतत चरणाऱ्या प्राण्यासाठीच ते घडलेले आहे. चारा चघळताना सुटणारी लाळ हे आम्ल सौम्य करते. दोन वैरणींमध्ये सहा तासांहून अधिक अंतर पडले आणि वर भरपूर दाणा दिला, की जठराच्या वरच्या, संरक्षक थर नसलेल्या भागाला इजा होते. असा घोडा पोटाजवळ हात नेताच वळून चावतो, तंग आवळू देत नाही, चंदी (दाण्याचा खुराक) अर्धवट टाकतो. वरून मात्र तो धडधाकट दिसू शकतो. खात्री दुर्बिणीने जठर पाहूनच होते.

घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात, वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर. झीज सारखी झाली नाही तर वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्यांना जिभेच्या बाजूने धारदार टोके येतात. मग लगाम ओढताच डोके झटकणे सुरू होते. खोगीर तेच असले तरी घोड्याची पाठ तीच राहत नाही. वय, आहार व मेहनत यांनुसार स्नायू भरतात किंवा उतरतात आणि काल बसणारे खोगीर आज रुतू लागते. एकाच बाजूच्या वस्तूंना बुजणाऱ्या घोड्याचा त्या बाजूचा डोळा आधी पाहावा, कारण डोळ्याच्या आतील वारंवार उद्भवणारा दाह हे घोड्यांच्या अंधत्वाचे प्रमुख कारण आहे. घोडी नरासारखी आक्रमक झाली तर बीजकोशातील गाठीची शंका घेतात. खुरातील गळू, यकृताचे विकार आणि सोबतीच्या घोड्याचा वियोग हीदेखील कारणे आढळतात. आक्रमकतेसोबत लाळ गळणे, गिळता न येणे किंवा पाय लटपटणे दिसल्यास रेबीजची शक्यता गृहीत धरून कोणीही त्याच्या तोंडात हात घालू नये, घोडा वेगळा ठेवावा व पशुवैद्याला ताबडतोब बोलवावे.

कारण कळेपर्यंत स्वारी थांबवावी. जवळ जाताना खांद्याच्या बाजूने, बोलत जावे. नेमक्या मागे आणि कपाळासमोर त्याला दिसत नाही. दोर हाताला गुंडाळू नये. वागणे केव्हा, कोणत्या सामानासह, कोणत्या चालीत बिघडते याची नोंद ठेवावी, जमल्यास चित्रफीत घ्यावी. पशुवैद्यासमोर घोडा हमखास शहाण्यासारखा उभा राहतो. विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. ती सतत याहून जास्त राहिली तर वेदनेची शंका बळावते. काही वेळा पशुवैद्य थोडे दिवस वेदनाशामक देऊन वागण्यात फरक पडतो का ते पाहतात. ते औषध मनाने देऊ नये, कारण काही वेदनाशामकांनी जठराचे व्रण वाढतात. फरक पडला नाही म्हणून वेदना नाही, असेही सिद्ध होत नाही.

या काळात चाबूक उगारणे सर्वांत घातक. दुखते आणि त्यावर मारही बसतो, एवढेच घोड्याला कळते; मग तो माणसालाच घाबरू लागतो. माणसाची भीतीही त्याच्यापासून लपत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो आणि खूर आपटून उत्तर देतो असे मानत. 1907 मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की तो प्रश्नकर्त्याच्या डोक्याच्या नकळत झालेल्या हालचाली पाहून खूर आपटणे थांबवत असे. म्हणून धास्तावलेल्या स्वाराने खाली उतरून जमिनीवरून काम करणे बरे.

दुखणे बरे झाले तरी आठवण राहते. व्रण भरल्यावरही घोडा तंग पाहून कान मागे टाकतो, कारण तंग म्हणजे वेदना हे त्याच्या मनात पक्के बसलेले असते. मग खोगीर नुसते दाखवायचे, पाठीवर ठेवून लगेच काढायचे, तंग एकेक भोक आवळायचा आणि तो शांत उभा राहताच सैल सोडायचा. सैल सोडण्याचा क्षण चुकला, म्हणजे त्याने लाथ उगारल्यावर माणूस मागे हटला, तर घोडा लाथ उगारायलाच शिकतो. याला आठवडे लागतात, कधी महिने. पाठीच्या मणक्यांचे किंवा सांध्यांचे काही विकार पूर्ण बरे होत नाहीत. अशा घोड्याला स्वारीतून मोकळे करून सोबत्यासह कुरणात ठेवतात.